कवटीतील दाब मोजणारी नळी आणि तार: अतिदक्षता विभागातील वापराचे परीक्षण

डोक्याला गंभीर मार लागलेल्या रुग्णाच्या कवटीतील दाब, म्हणजे आयसीयूत ज्याला सगळे आयसीपी म्हणतात तो, थेट मोजायचा असेल तर मुख्यतः दोन साधने उपलब्ध आहेत. पहिले म्हणजे मेंदूच्या पोकळीत घालून बाहेर पिशवीला जोडलेली निचऱ्याची नळी, जिला न्यूरोसर्जन ईव्हीडी म्हणतात आणि सिस्टर नुसते ‘ड्रेन’ म्हणतात. दुसरे म्हणजे मेंदूच्या गाभ्यात सुमारे दोन सेंटिमीटर आत ठेवायची, टोकाला सेन्सर असलेली बारीक तार. महामार्गावरचे अपघात ज्याच्या दारात येतात अशा एका मध्यम शहरातील खासगी रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता चिकित्सक म्हणून काम करते आणि ही दोन्ही साधने माझ्या रोजच्या वापरातली आहेत. माझे मत आधीच सांगते: एकाच साधनापुरते पैसे असतील तर नळी घ्यावी, आणि रात्री अडीच वाजता त्या आकड्यावर निर्णय घेणारे माणूस खाटेपाशी नसेल तर दोन्हींपैकी काहीही घेऊ नये.

प्रौढ माणसाच्या कवटीत सुमारे ऐंशी टक्के जागा मेंदूने व्यापलेली असते आणि उरलेली रक्त व मेंदूजल (मेंदू आणि पाठीचा कणा यांभोवतीचे पाण्यासारखे द्रव) यांच्यात जवळपास निम्मी निम्मी वाटलेली असते. कवटी ताणली जात नाही. त्यामुळे गोठलेले रक्त किंवा सूज यांनी जागा मागितली की आधी मेंदूजल पाठीच्या कण्याकडे सरकते, मग शिरांमधले रक्त बाहेर ढकलले जाते, आणि ही दोन्ही सोय संपली की त्यानंतरच्या थोड्याशा वाढीनेही दाब झपाट्याने चढतो. निरोगी प्रौढात आडवे असताना हा दाब साधारण ७ ते १५ मिलिमीटर पारा असतो. ब्रेन ट्रॉमा फाउंडेशनच्या मार्गदर्शक सूचनांच्या २०१६ च्या चौथ्या आवृत्तीनुसार तो २२ च्या वर गेल्यास उपचार करावेत आणि मेंदूला रक्त ढकलणारा दाब ६० ते ७० च्या दरम्यान राखावा. हा दुसरा आकडा सरासरी रक्तदाबातून आयसीपी वजा करून मिळतो. सरासरी रक्तदाब ८० आणि आयसीपी ३० असेल तर मेंदूच्या वाट्याला फक्त ५० उरतात, आणि हे रुग्णाकडे नुसते पाहून कोणत्याही अनुभवी डॉक्टरला सांगता येत नाही, कारण रुग्ण बेशुद्ध असतो, व्हेंटिलेटरवर असतो आणि आम्हीच त्याला झोपेच्या औषधावर ठेवलेले असते. डोळ्याची बाहुली पसरण्याची वाट पाहणे म्हणजे उशीर झाल्याची खात्री करून घेणे होय. साधनांची गरज आहे ती एवढ्याचसाठी.

आता नळीविषयी. कपाळावरच्या केसांच्या रेषेमागे, मध्यरेषेपासून अडीच-तीन सेंटिमीटर बाजूला, शल्यविशारद ज्याला कोखर बिंदू म्हणतात तिथे छोटे छिद्र पाडून ही नळी मेंदूच्या पोकळीत नेतात आणि त्वचेखालून काही अंतर फिरवून बाहेर काढतात. तिचा सर्वांत मोठा गुण असा की ती मोजतेही आणि उपचारही करते. दाब वाढला की नळीवरची तोटीसारखी चावी उघडून चार-पाच मिलिलिटर मेंदूजल सोडता येते आणि कित्येकदा मॉनिटरवरचा आकडा आपल्या डोळ्यांदेखत खाली येतो. एवढ्या तत्काळ आणि एवढ्या कमी खर्चात काम करणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. दुसरा गुण असा की तिचा शून्य केव्हाही पुन्हा जुळवता येतो, त्यामुळे पाचव्या दिवशीच्या आकड्यावरही पहिल्या दिवसाइतकाच विश्वास ठेवता येतो. देशी बनावटीचे संच सहज मिळतात आणि एका तारेच्या किमतीत असे कितीतरी संच येतात.

परंतु ही नळी जितकी स्वस्त तितकीच ती माणसांच्या शिस्तीवर अवलंबून आहे, आणि मुख्य तक्रार इथेच आहे. तिचा शून्यबिंदू कानाच्या छिद्राच्या पातळीला असतो. खाटेची उशाकडची बाजू वर केली, रुग्ण कुशीवर वळवला, किंवा मावशींनी चादर बदलताना खाट खाली घेतली, तर पातळी बदलते आणि ती पुन्हा जुळवल्याशिवाय दिसणारा आकडा निरर्थक असतो. पातळीपेक्षाही गंभीर प्रश्न चावीचा आहे. रुग्णाला सीटी स्कॅनला नेताना, श्वासनलिकेतला कफ काढताना किंवा कूस बदलताना चावी बंद केली नाही आणि पिशवी खाली राहिली, तर बघता बघता जास्त पाणी वाहून जाते. शरीर तासाला सुमारे २० मिलिलिटर मेंदूजल तयार करते आणि एकूण साठा दीडशे मिलिलिटरच्या आसपास असतो, यावरून ‘जास्त’ म्हणजे किती ते लक्षात यावे. शिवाय नळी उघडी असताना मॉनिटरवर दिसणारा दाब खरा नसतो. मोजण्यासाठी निचरा बंद करून काही मिनिटे थांबावे लागते, आणि मोजल्यावर चावी पुन्हा उघडायची आठवण ठेवावी लागते. हे सर्व खाटेवर टांगलेल्या एका जाड पुठ्ठ्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवणे कोणत्याही महागड्या जोडणीपेक्षा उपयोगी पडते.

दोन धोके विशेष सांगण्यासारखे आहेत. पहिला मापाच्या एककाचा आहे. नळीच्या पट्टीवर बहुधा सेंटिमीटर पाणी आणि मिलिमीटर पारा अशा दोन्ही खुणा असतात, आणि १ मिलिमीटर पारा म्हणजे १.३६ सेंटिमीटर पाणी. म्हणजे २० सेंटिमीटर पाणी हा दाब पाऱ्यात १५ पेक्षाही किंचित कमी भरतो, तर पाऱ्याचे २२ म्हणजे पाण्याचे जवळपास ३० होतात. दुसऱ्या एका रुग्णालयातून आमच्याकडे पाठवलेल्या रुग्णाच्या कागदांवर ‘दाब २०, ड्रेन चालू’ एवढाच मजकूर होता. त्यातून तो रुग्ण सुरक्षित होता की उंबरठ्यावर, हे ठरवता येत नव्हते. दुसरा धोका धमनीतला रक्तदाब मोजण्याचा संच या कामी उसना घेण्यातून येतो. धमनीच्या संचाला फुगवलेली दाबपिशवी आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनचे द्रावण जोडायची हाताला सवय झालेली असते. तीच जोडणी मेंदूतल्या नळीला झाली तर ते द्रावण थेट मेंदूत जाते. या नळीच्या ट्रान्सड्युसरला (दाब ओळखून मॉनिटरकडे पाठवणाऱ्या सेन्सरला) दाबपिशवी कधीही जोडायची नसते. त्यात फक्त निर्जंतुक सलाइन भरून तो बंद ठेवायचा असतो. सेंटरमध्ये ईव्हीडी नवी असेल तर पहिल्याच दिवशी सर्व पाळ्यांना हे हाताने करून दाखवावे.

जंतुसंसर्ग हा नळीचा जुना आणि खरा दोष आहे. ती जितके दिवस राहते आणि जितक्या वेळा तिची जोडणी उघडली जाते, तितका तो वाढतो. त्यामुळे ‘रोज तपासणीसाठी पाणी पाठवा’ हा आदेश सवयीने लिहिणाऱ्यांशी माझे नेहमीच मतभेद होतात. आणखी एक मर्यादा शस्त्रक्रियेची आहे: मेंदू खूप सुजलेला असला की पोकळ्या चिरेसारख्या चपट्या होतात आणि नेमक्या त्याच रुग्णात, ज्याला नळीची सर्वाधिक गरज असते, ती आत नेणे सर्वांत अवघड होते.

अशा वेळी तार कामाला येते. तिला पोकळी शोधावी लागत नाही. बहुधा उजव्या बाजूच्या कपाळाच्या भागात छोटे छिद्र पाडून ती मेंदूच्या गाभ्यात ठेवतात, आणि सरावाचा हात असेल तर हे काम खाटेपाशीच थोड्या वेळात उरकते. बाजारात कॅमिनोची तंतू-प्रकाशावर चालणारी तार, कॉडमनचा विद्युत सूक्ष्मसेन्सर आणि स्पिगेलबर्गची टोकाला हवेची पिशवी असलेली नळी ही नावे प्रामुख्याने ऐकू येतात. रुग्णाच्या डोक्याची पातळी बदलली तरी तारेचा आकडा बिघडत नाही, कारण मोजणी टोकालाच होते. पाण्याचा स्तंभ नाही, चावी नाही, कानाची पातळी नाही. रात्रपाळीची सिस्टर एकटी सहा खाटा पाहत असेल तर हा फायदा मोठाच आहे. संसर्गाचे आणि रक्तस्रावाचे प्रमाणही नळीच्या तुलनेत कमी आहे. आकडा आणि लहरी अखंड दिसतात, आणि माझ्या दृष्टीने लहरी हे या साधनाचे खरे वैशिष्ट्य आहे: निरोगी अवस्थेत हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे उतरत्या क्रमाची तीन शिखरे दिसतात, मेंदूची सामावून घेण्याची क्षमता संपत आली की दुसरे शिखर पहिल्याच्या वर चढते. आकडा अजून १८ असतानाच ही खूण दिसली तर मी कूस बदलणे, कफ काढणे अशी कामे थोडी पुढे ढकलते आणि आधी झोपेचे औषध वाढवते. नळीतूनही लहरी दिसतात, परंतु निचरा बंद असेल तेवढा वेळच.

तारेचा मूळ दोष असा की बहुतेक प्रकारांत शून्य फक्त आत घालण्यापूर्वी जुळवता येतो. त्यानंतर दिवसागणिक आकडा हळूहळू सरकू शकतो आणि तो सरकला आहे हे कळण्याचा थेट मार्ग नसतो. स्पिगेलबर्गची रचना स्वतःहून ठरावीक काळाने शून्य जुळवते, म्हणून या मुद्द्यावर ती सरस आहे. दुसरा दोष नाजूकपणाचा. तंतू-प्रकाशाची तार वाकली की तुटते, आणि ती वाकण्याचे प्रसंग रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना रोज येतात. तिसरा दोष म्हणजे ती पाणी काढू शकत नाही. ती फक्त बातमी देते. एमआरआय करायचा झाल्यास त्या विशिष्ट तारेसाठी उत्पादकाने काय अटी घातल्या आहेत हे आधी पाहावे लागते, आणि ऐनवेळी ती पुस्तिका कोणाकडेच नसते.

बातमी मिळाल्यावर काय करायचे, यावरच या दोन्ही साधनांची किंमत ठरते. माझ्या अनुभवात पहिल्या रात्रीचे पुष्कळसे चढे आकडे औषधाविना उतरतात. उशाकडची बाजू ३० अंश वर, मान सरळ नाकाच्या रेषेत, मानेचा पट्टा सैल, आणि श्वासनलिकेची नळी बांधणारी फीत गळ्यातल्या शिरांवर आवळलेली नाही ना हे बोट घालून पाहणे. ही फीत मी मुद्दाम सांगते, कारण तोंडाची निगा राखल्यावर ती नव्याने बांधली जाते आणि त्यानंतर काही मिनिटांत आकडा १६ वरून २६ वर गेलेला दिसतो. नवखा डॉक्टर मॅनिटॉलची, म्हणजे मेंदूतले पाणी ओढून दाब उतरवणाऱ्या औषधाची, बाटली मागवतो आणि अनुभवी सिस्टर फीत सैल करते. ताप, वेदना, व्हेंटिलेटरशी चाललेली झटापट आणि बाहेरून न दिसणारी फीट हीही तशीच कारणे आहेत. रक्तातील कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४० मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान ठेवावा. तो फार खाली नेला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून दाब उतरतो खरा, पण रक्तपुरवठाही तुटतो, म्हणून जोरात श्वास देण्याचा उपाय बाहुली पसरल्यावर, ऑपरेशन थिएटर गाठेपर्यंतच वापरावा.

मॅनिटॉलबाबत आपल्याकडच्या एका सवयीवर बोलणे आवश्यक आहे. डोक्याला मार म्हटले की ‘मॅनिटॉल १०० मिलि दिवसातून तीनदा’ हे वाक्य केसपेपरवर आपोआप उमटते, दाब मोजलेला असो वा नसो. वीस टक्क्यांच्या १०० मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम औषध असते, आणि शिफारस केलेली मात्रा वजनाच्या प्रत्येक किलोला पाव ते एक ग्रॅम आहे. ८० किलोच्या माणसाला ती एक बाटली म्हणजे किमान मात्रा, आणि तीही दाब वाढलेला नसताना दिली तर पदरात पडते ते फक्त लघवीचे प्रमाण आणि उतरलेला रक्तदाब. डोक्याच्या दुखापतीत रक्तदाब उतरणे हे दाब चढण्याइतकेच घातक आहे. ज्याला इतरत्रही रक्तस्राव झाला आहे अशा अपघातग्रस्ताला मी म्हणून तीन टक्के सलाइन पसंत करते. त्याने रक्ताचे आकारमान टिकते, मात्र सोडियम दर काही तासांनी तपासावे लागते. हिवाळ्यात मॅनिटॉलच्या बाटलीत स्फटिक जमतात. नातेवाईकांनी मेडिकलमधून धावत आणलेली बाटली प्रकाशासमोर धरून पाहावी, स्फटिक असल्यास कोमट पाण्यात विरघळवून घ्यावी आणि गाळणी असलेल्या सेटनेच चालवावी. स्टिरॉइडचा तर प्रश्नच उरलेला नाही: १०,००८ रुग्णांच्या क्रॅश चाचणीत, २००४ साली, स्टिरॉइड दिलेल्यांपैकी २१.१ टक्के रुग्ण दोन आठवड्यांत दगावले आणि न दिलेल्यांपैकी १७.९ टक्के. तरीही बाहेरून आलेल्या कागदांवर डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड अधूनमधून दिसते.

औषधांनी भागत नाही तेव्हा कवटीचा मोठा तुकडा काढून मेंदूला जागा करून देतात. तो तुकडा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रुग्णाच्याच पोटाच्या त्वचेखाली जपून ठेवतात, आणि ‘हाड पोटात ठेवले आहे’ हे वाक्य नातेवाइकांना दोनदा सांगावे लागते. या शस्त्रक्रियेविषयी २०१६ च्या रेस्क्यू-आयसीपी चाचणीचे निष्कर्ष मी घरच्यांपासून लपवत नाही: सहा महिन्यांनंतर मृत्यूचे प्रमाण ४८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आले, परंतु भान नसलेल्या अवस्थेत जगणाऱ्यांचे प्रमाण २.१ वरून ८.५ टक्के झाले. त्या चाचणीत रुग्ण निवडले गेले तेच मुळी उपचार करूनही तासभर किंवा अधिक वेळ २५ च्या वर राहिलेल्या आकड्यावरून. दाब मोजलाच नसेल तर हा निर्णय नुसत्या सीटी स्कॅनवर आणि शल्यविशारदाच्या धाडसावर घ्यावा लागतो.

साधनांच्या विरोधात जाणारा सर्वांत वजनदार पुरावाही सांगितला पाहिजे. बोलिव्हिया आणि इक्वेडोरमध्ये ३२४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-ट्रिप चाचणीत, तारेच्या आकड्यावरून उपचार केलेले रुग्ण आणि नियमित सीटी स्कॅन व तपासणी यांवरून उपचार केलेले रुग्ण यांच्या सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत फरक आढळला नाही. काही सहकारी यावरून ‘मोजण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. न मोजलेल्या गटातही उपचार वाऱ्यावर सोडलेले नव्हते. त्यांच्यासाठी काटेकोर आराखडा होता, ठरलेल्या दिवशी सीटी होत होता आणि आयसीयूत प्रशिक्षित माणसे होती. शिवाय मेंदूच्या दाबावरचे उपचार न मोजलेल्या गटातच जास्त दिवस द्यावे लागले. म्हणजे आराखडा असेल तर तारेशिवाय भागू शकते, एवढे ही चाचणी सांगते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तार नाही आणि आराखडाही नाही.

डोळ्यामागच्या मज्जातंतूच्या आवरणाची जाडी सोनोग्राफीने मोजणे हा बिनछिद्राचा पर्याय मी रोज वापरते. सहा मिलिमीटरच्या पुढे ती गेली की सावध होते, पण तो आकडा मोजणाऱ्याच्या हातागणिक बदलतो आणि अखंड नजर ठेवत नाही. ज्यांच्याकडे न्यूरोसर्जन नाही अशा रुग्णालयांनी त्यावर तासन् तास घालवण्यापेक्षा रक्तदाब सांभाळून रुग्ण लवकर पुढे पाठवावा.

खरेदी करणाऱ्यांसाठी: नळीचे संच, पट्टी असलेले मोजपात्र आणि वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावून राखून ठेवलेले ट्रान्सड्युसर आधी घ्यावेत आणि सहा महिने त्यावर पाळ्या तयार कराव्यात. तार घ्यायची झाल्यास मॉनिटरच्या किमतीवर घासाघीस करण्यात वेळ घालवू नये, कारण खर्च एकदाच वापरायच्या तारांवर होतो. प्रति तार दर, साठ्यात किमान किती तारा राहतील आणि त्यांची मुदत किती शिल्लक असेल, हे करारात लिहून घ्यावे. मॉनिटर आणि तार यांना जोडणारी केबल सर्वांत आधी खराब होते आणि ती स्थानिक पातळीवर मिळत नाही. दुसरी केबल पहिल्याच बिलात मागावी. विक्री प्रतिनिधी दुपारी येऊन दिवसपाळीला शिकवून जातो, तेव्हा रात्रपाळीसाठी त्याने स्वतंत्र वेळ द्यावा ही अट घालावी आणि ती पूर्ण झाल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.